पिकलेलं अंजीर गाव सोडत नाही (सासवडची एकदिवसीय खादाडी)

चिंचगूळ

मंडळी, गेल्या सोमवारी रजा टाकून सासवडला जाऊन आले. सोपानकाकांचं दर्शन नाही, पुरंदर गड नाही, कुणाचं लग्नकार्य नाही. निव्वळ खायला. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "का गं, मंडईत दुष्काळ पडलाय का?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला हा धागा काढावा लागतोय.

मला ताजं अंजीर आवडत नाही, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले. प्लास्टिकच्या डबीत ओळीनं बसवलेली ती फळं बाहेरून झकास जांभळी आणि चावली की ओला कापूस. एकदा जेवणाच्या सुट्टीत हेच बोलले, तर ऑफिसातला एक पुरंदरकर घास थांबवून म्हणाला, "मॅडम, तुम्ही अजून अंजीर खाल्लंच नाही." त्याच्या मामांची बाग राजेवाडीच्या अंगाला आहे. तिथल्या तिथे फोन लावला. सोमवार मी मागून घेतला, कारण सासवडचा आठवडे बाजार त्या दिवशी. मामांची अट एकच, उजाडायच्या आत या.

नवरा, मैत्रीण आणि मी साडेचारला हडपसरहून निघालो. दिवे घाटात रस्त्याचं काम आणि ट्रकमागे ट्रक. मस्तानी तलाव अंधारात दिसला नाही, येताना बघू म्हटलं, आणि येताना बोपदेव घाटानं आलो. राहिलाच. पावणेसहाला बागेत पोचलो तर तोडणी सुरू झालेली. डिसेंबरचा पहिला आठवडा, दवानं चपला जड झालेल्या, आणि अंजिराचं पान हाताला लागलं की पॉलिशपेपर घासल्यासारखं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

तोडणी बघत उभी राहिले तेव्हा माझ्या 'ओल्या कापसा'चा उलगडा झाला. मामा फळ दाबत नव्हते, नुसती मान बघत होते. देठाशी ताठ उभं, रंग नुकता धरलेलं फळ पाटीत जात होतं. मान टाकून लोंबणारं, सालीला बारीक चिरा गेलेलं, खालच्या डोळ्यात (बुडाशी असलेल्या छिद्रात) मधासारखा थेंब आलेलं फळ ते तसंच सोडून पुढे जात होते. मी म्हटलं, "मामा, ही राहिली की."

"ती न्हाय जायची. पुण्याला पोचंस्तोवर त्यांचा जाम हुतोय."

"मग त्यांचं काय करता?"

"पोरं खात्यात, पाखरं खात्यात. आज तुमी खावा."

आंबा, चिकू, केळं आढीत घालून पिकतं. अंजिराचं तसं नाही. तोडल्यावर ते मऊ पडतं, पण गोडी झाडावर जेवढी भरली तेवढीच. म्हणजे डबीतलं अंजीर मुळात रस्त्यासाठी तोडलेलं असतं, माझ्या जिभेसाठी नव्हेच. त्यात दुकानदाराची लबाडी नाही, शेतकऱ्याचीही नाही. पातळ सालीचं फळ आहे, एखाद-दोन दिवसांत उतरतं.

मग मी मान टाकलेलं एक तोडलं. गार होतं, रात्रीची थंडी त्यात उतरलेली. साल सोलायची गरजच पडली नाही. आतला गर गुलाबी-लाल, बिया दाताखाली कुरकुरतात, आणि गोडी काकवीसारखी सावकाश येते आणि बराच वेळ जात नाही. मी अकरा खाल्ली. नवरा मोजत होता. स्वतः किती खाल्ली ते सांगत नाही.

आता फजिती. हावरटपणानं एक-दोन जरा कच्ची पण तोडली आणि देठाकडून चावली. देठातून पांढरा चीक येतो. आठ वाजेपर्यंत माझे ओठ सुजून पुरी झाले. मामींनी गोडंतेल चोळलं आणि तोंडावर पदर धरून हसल्या. हसू दे, त्यांचा हक्क आहे.

दहाला बाजार. ओट्यांवरचे व्यापारी सोडून मी कडेला पोत्यावर बसलेल्या बायकांकडे गेले. वजनकाटा कमी, वाटे जास्त. हरभऱ्याचा कोवळा पाला, लसणाची पात, चाकवत, काटेरी गावरान वांगी आणि जिकडे बघावं तिकडे हिरव्यागार शेंगांचे ढीग. "मावशी, मटार कसा दिला?" विचारलं तर त्या म्हणाल्या, "मटार पुण्यात. हितं वाटाणा." आणि एक शेंग फोडून माझ्या तळहातावर दाणे टाकले. सकाळी तोडलेला वाटाणा कच्चा खाल्लाय कधी? शेंगदाण्यासारखा पिठूळ अजिबात नाही, नुसता गोड रस. तोडल्या घडीपासून त्यातली साखर पिठाकडे वळायला लागते, उन्हात तर झपाट्यानं. म्हणून संध्याकाळच्या हातगाडीवरचा मटार उसळीला बरा आणि सकाळचा पोत्यावरचा वाटाणा तोंडात टाकायला.

हुरडा मिळेल अशी मैत्रिणीची फार आशा. एका आजोबांना विचारलं तर ते रानाकडे हात करून म्हणाले, "ज्वारी अजून पोटरीत हाय बाई. संक्रांतीला ये." पोटरीत! म्हणजे कणीस अजून बाहेरच पडलेलं नाही. आम्ही शहरात 'सीझन नाही' म्हणतो.

दुपारी मामींकडे बाजरीची भाकरी, वाटाण्याची आमटी, खर्डा, कांदा फोडून. पैसे घेईनात. पाच किलो अंजिरं घेतली, त्याचे ८० रुपये किलोनं दिले, वर सीताफळाची एक पाटी घेतली. तरी मनात राहिलंच की जेवणाचं काय. अशा वेळी तुम्ही काय करता? फोटोंचा आकार मोठा आहे, चढत नाहीयेत, रात्री परत प्रयत्न करते.

अर्धवट_पुणेकर

फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं. बाकी जळजळ पोचली, इनो घेतो. एक शंका. व्हॉट्सअपवर आलं होतं की प्रत्येक अंजिरात एक मेलेली माशी असते. तुम्ही अकरा खाल्लीत म्हणता…

बी_बियाणं

आली का ती माशी! कृषी महाविद्यालयात होतो तेव्हापासून हिला मारतोय, मरत नाही.

अंजीर हा उलटा घातलेला फुलोरा आहे. पिशवीच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक फुलं असतात, म्हणून बाहेर फूल कधी दिसत नाही. तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीला फळ धरायला एक चिमुकली गांधीलमाशी लागते, ती त्या खालच्या डोळ्यातून आत शिरून परागीभवन करते. आपल्याकडची 'पुना फिग' ही जात परागीभवनाशिवाय फळ धरते. माशी येतच नाही, मरणार कुठून? स्मर्नामध्येसुद्धा शिरलेली माशी फळातल्या रसांनी विरघळून जाते.

गोंधळ उंबरामुळे होतो. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर एकाच कुळातले. उंबर फोडलं की चिलटं उडतात, ते सगळ्यांनी लहानपणी बघितलेलं असतं आणि तेच अंजिराच्या माथी मारतात. चिंचगूळताई, तो चीकही घराण्याचाच. वडाचा चीक हाताला लागला तर काय होतं आठवा.

फ्रेस्नोकरीण

स्मर्नावरून आठवलं. आमच्या इथे कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात त्या जातीच्या फांद्या आणून लावल्या. झाडं झकास वाढली आणि फळं सुपारीएवढी होऊन गळायची. माशी लागते हे इथल्या लोकांना पटायलाच वेळ गेला. शेवटी १८९९ मध्ये फ्रेस्नोजवळ ती माशी रुजली आणि मग फळ टिकलं. इथल्या शेतकरी बाजारात शनिवारी ताजी अंजिरं येतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरात. डिसेंबरात अंजीर खाल्लं म्हणता, ते वाचून इथल्या लोकांचा विश्वास बसणार नाही. आपल्याकडे दोन वेळा येतं का?

कऱ्हाकाठ

येतं. आणि ताईंनी चुकीच्या वेळचं खाल्लं, हे सांगायलाच लॉगिन झालो. मी सासवडच्या पूर्वेकडचा, घरी दीड एकर अंजीर आणि थोडं सीताफळ.

आमच्याकडे दोन बहार. पावसाळ्याच्या तोंडावर छाटून जो धरतात तो खट्टा बहार, त्याचा माल दिवाळीपासून जानेवारीपर्यंत. दुसरा मीठा, तो उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात जोरात असतो. ताईंनी ज्याला काकवीची उपमा दिली तो खट्टा आहे हो! नावातच खट्टा. कोरड्या हवेत आणि उन्हात पिकलेल्या मीठ्या बहाराची गोडी निराळीच. मग लोक खट्टा धरतातच का? बाजारात दुसऱ्या फळांची गर्दी कमी म्हणून दर बरा मिळतो. पण तांबेऱ्याची टांगती तलवार असते. पानावर तांबडे ठिपके दिसले की आठवडाभरात झाडाचा खराटा, आणि पान गेलं की फळात गोडी भरणार कशानं? ओल्या हवेच्या साली अर्ध्या फवारण्या त्यापायीच होतात.

२०१६ साली पुरंदर अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पाटीवर त्याचं चिकटपत्र लावल्यानं व्यापारी दोन रुपये जास्त देतो असं मात्र अजून माझ्या अनुभवाला आलेलं नाही.

आणि रागावू नका, पण सोमवारी पहाटे तिघं पाहुणे बागेत म्हणजे मामांची तोडणी तासभर मागं पडली असणार. ऊन चढल्यावर तोडलेलं फळ पाटीतच ढिलं पडतं. त्यांनी तोंडानं सांगितलं नसेल, आमच्यात सांगत नाहीत.

चिंचगूळ

@कऱ्हाकाठ, रागावले नाही, ओशाळले. खरंच लक्षात आलं नाही. टेम्पो येऊन हॉर्न वाजवत होता आणि मामा "येतो रं" म्हणत आम्हाला झाडं दाखवत होते, ते आत्ता आठवलं.

बाणेरचा_बाजीराव

मला एक कळत नाही. शेतात जाऊन, पेट्रोल जाळून, ८० रुपये किलो? मधले सगळे दलाल गेले तर निम्म्या भावात मिळायला हवं. आम्ही गेलो होतो तेव्हा घासाघीस करून ५० वर आणलं होतं.

कऱ्हाकाठ

शाब्बास. मधले गेले म्हणता, मग तोडणीची मजुरी, पाटी, खालीवर घालायचा पाला, हमाली, तोलाई, टेम्पो यातलं काय गेलं? तुमच्या किलोपुरता टेम्पो, हमाली आणि तोलाई एवढंच वाचलं. शिवाय पाहुणा निवडून निवडून घेतो, व्यापारी सगळी पाटी उचलतो. निवडून उरलेली पाटी मग कमी भावाला जाते. हा हिशेब कुणी धरत नाही.

माई_डोंबिवली

बाजीराव, मॉलमध्ये बारकोडशी घासाघीस करता का हो? :) मी वाट्यावर बसलेल्या बाईशी भाव करत नाही. वर "दोन मिरच्या टाक" एवढं मात्र म्हणते, ते तिलाही आवडतं आणि मलाही.

जेवणाच्या पैशाबद्दल. हातात नोटा देऊ नकोस गं, त्यांना अपमान वाटतो. जाताना घरून काहीतरी करून न्यायचं. बेसनाचे लाडू, चिवडा, पोरांना वह्या. आणि रिकामा डबा परत आणायचा नाही, तो तिथेच राहू द्यायचा. त्या तो भरून पाठवतात आणि येणं-जाणं सुरू होतं.

बार्देशकार

सुंदर धागा. आमच्या गोव्यात म्हापश्याला या कधीतरी शुक्रवारी. तो बाजार बघायचा तर मे महिन्यात, पावसाच्या आधी. त्याला आम्ही पुरुमेंत म्हणतो, चार महिन्यांची बेगमी. सुकी मासळी, सोलां (आमसुलं), चिंच, मिरची, नारळ, सगळं पावसाआधी घरात यायला हवं. माळांसारखी टांगलेली चवरीस (डुकराच्या मांसाची सॉसेजं) असतात, मोयऱ्याची हातभर केळी असतात. त्या केळ्यांना २०२१ मध्ये मानांकन मिळालं, काणकोणच्या खोला मिरचीला त्याच्या आदल्या वर्षी. पण मानांकनाच्या नावानं कुठलीही लाल मिरची गळ्यात मारतात, तेव्हा म्हातारी गिऱ्हाईक बाई ज्या पोत्यापाशी थांबते तिथे आपणही थांबायचं. माझी आई याच शास्त्रावर गेली चाळीस वर्षं मिरची घेते.

तुमचा मुद्दा मात्र आमच्याकडे उलटा पडतो. पुरुमेंतचा माल टिकण्यासाठीच केलेला असतो.

वसईची_लेक

अगदी! आमची सुकेळी तशीच. राजेळी केळी पूर्ण पिकली की सोलून उन्हात वाळवायची, रात्री झाकायची, परत उन्हात, असे कितीतरी दिवस. रंग मधासारखा होतो. मग केळीच्याच वाळक्या सोपात (खोडाच्या पापुद्र्यात) गुंडाळून बांधायची. साखर नाही, काही नाही. ज्या फळाला गाव सोडवत नाही त्याला आमच्या बायकांनी प्रवासाचं पाकीट करून दिलं. वसईच्या बाजारात उन्हाळ्यात मिळतात, पण करणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी. जागांचे भाव वाढले, केळीच्या वाड्या गेल्या.

पुरंदरचं अंजीर का सुकवत नाहीत? दुकानात मिळणारी सुकी अंजिरं सगळी बाहेरचीच असतात ना?

बी_बियाणं

पुना फिगमध्ये पाणी जास्त आणि सुकवायच्या जातींच्या मानानं साखर कमी. सुकवलं की साल उरते आणि वजन जातं. स्मर्ना झाडावरच सुरकुतून खाली पडते आणि तिथेच निम्मी वाळते, आत बियाही भरलेल्या असतात, म्हणून तो खमंगपणा. आपल्याकडचं करायचंच झालं तर जाम, पोळी, गर.

चिंचगूळ

सीताफळाचं रामायण सांगायचं राहिलं. मामांनी बजावलं होतं, डोळे उघडलेत, पण कडक आहेत, दोन-तीन दिवसांत पिकतील. मी पाटी डिकीत ठेवली आणि त्यावर नवऱ्यानं वाटाण्याचं पोतं ठेवलं. बोपदेवची वळणं. घरी येईपर्यंत खालची सहा चेंगरली, आणि उरलेली सगळीच्या सगळी बुधवारी एकदम पिकली. एका दिवशी चाळीस सीताफळं! शेजारी वाटली, सोसायटीचा वॉचमन वैतागला. गर काढून बासुंदीत घातला तर कडू. कुठे चुकलं?

माई_डोंबिवली

उकळलंस ना? सीताफळाचा गर तापवला की कडवटतो. दूध आटवून पार गार करायचं आणि मग गर घालायचा. बिया काढायला गर पातेल्यात घेऊन लाकडी रवी हलक्या हातानं फिरवायची, बिया सुटतात. मिक्सरला लावू नकोस, बी फुटली तर सगळं फुकट. उरलेला गर डब्यात दाबून, वर हवा न ठेवता, थेट बर्फाच्या कप्प्यात. जरासा तांबूस झाला तर घाबरायचं नाही.

बिया नीट फेका. पूर्वी उवांसाठी वाटून लावायच्या, डोळ्यात गेल्या की आग आग होते.

कऱ्हाकाठ

सीताफळ आमच्या माळावर टिकलं त्याचं कारण सांगतो. पाणी कमी लागतं आणि पाला इतका कडू की शेळी तोंड लावत नाही. कुंपण नको, राखण नको. पर्जन्यछायेतल्या तालुक्याला देवानं दिलेलं पीक. वनपुरी, कुंभारवळणकडे गेलात तर बांधाबांधावर दिसेल. आत्ता आहे तोवर बघून घ्या. पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी ज्या सात गावांची नावं आलीत त्यात ही दोन्ही आहेत.

अर्धवट_पुणेकर

धागा खाण्याचा आहे, राजकारण नको. नाहीतर धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) होईल आणि त्याला कुलूप लागेल.

कऱ्हाकाठ

बरं. मग एवढंच लिहितो की झाड लावल्यापासून चांगला माल यायला चार-पाच वर्षं लागतात, आणि ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. हे खाण्याबद्दलच आहे.

माई_डोंबिवली

+१. लिहा तुम्ही.

चिंचगूळ

+१ माझाही. फोटो चढले एकदाचे, वर जोडलेत. सुजलेल्या ओठांचा टाकलेला नाही, मागू नये.

मार्चमध्ये मीठ्या बहाराला परत जायचं ठरवतेय. यावेळी मामांना विचारून, लाडवांचा डबा घेऊन. तोडणी संपल्यावर, नऊनंतर गेलो तर चालेल का? अजून कुणी येणार असेल तर हात वर करा, पण दोन गाड्यांपेक्षा जास्त नको.

फ्रेस्नोकरीण

मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात आहे. दोन्ही हात वर.

बाणेरचा_बाजीराव

येतो. घासाघीस करणार नाही.

कऱ्हाकाठ

नऊला या पण अंजीर तेव्हा कोमट लागेल, गार खायचं तर पहाटेच. पहाटे यायचं असेल तर बघायला येऊ नका, तोडायला या. तीन-चार झाडं तुमच्याकडं देऊ, मग कुणाचं काम मागं पडत नाही. मान टाकलेली तुमची, ताठ पाटीत. जुने कपडे घाला, चिकाचे डाग कशानंच जात नाहीत. हातमोजे चालतील, पण रबरी नको, बोटाला फळ कळत नाही. आणि गोडंतेलाची बाटली आपापली आणा, मागच्या वेळची मामींची संपली असेल.